तेल पुरेपूर होतं

धारूरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
पेडल पायाखालून निसटल्यासारखं
खाली गेलं, आणि खालीच राहिलं.

हेमलताच्या मांडीवर सीताफळांची पिशवी.
ती म्हणाली, "हळू."
मी म्हणालो, "हो."
त्या उतारावर एवढंच बोलणं झालं आमचं.

तिसरा, दुसरा, मग दात खात पहिला गिअर.
हँडब्रेक ओढला तर मागून करपल्याचा वास,
समोरून उसाची ट्रॉली, चढाला धापा टाकत.
शेवटी कडेला रस्त्याच्या कामाची खडी पडली होती,
तिच्यात नाक खुपसून थांबली गाडी:
बासष्ट सालची, विलायती, दोनच माणसांची,
परळीच्या बंद जिनिंगच्या लिलावात
फंडाच्या पैशांनी घेतलेली.
आम्हाला काही झालं नाही.
सीताफळं फुटली.

ट्रॉलीत घालून अंबाजोगाईला आणली.
मुनाफ मिस्त्रीनं चारही चाकांच्या आतून बोट फिरवलं.
कोरडं.
नळ्या कोरड्या. खालची फरशी कोरडी.
डबी उघडली: तेल पुरेपूर, काठोकाठ.

तीस वर्षं मी नववीला शिकवलं,
बंदिस्त द्रवावर दिलेला दाब
सगळ्या दिशांना सारखाच जातो.
फळ्यावर एक पिचकारी काढायचो, तिला चार फाटे.
पोरं आकृती उतरवून घ्यायची.
मला वाटायचं, कळलं.

"बसा सर. पेडल मारा भराभर."
मारलं. वर आलं, टणक.
"आता धरून ऱ्हावा."
धरलं, तर ते हळूच,
लाजल्यासारखं, बुडत गेलं.
त्यानं तिन्ही रबरी नळ्या चिमट्यांत आवळल्या.
तरी बुडत गेलं.
"बाहीर नाय चाललेलं. आतल्या आत फिरतंय,"
म्हणत त्यानं मास्टर सिलिंडर खोलायला घेतला.

आतून निघाली रुपयाएवढी रबराची वाटी,
भिजत घालून विसरलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली,
ओठ आत दुमडलेला.

मग चहाच्या ग्लासात पाणी,
पाण्यात डबीतले दोन थेंब.
ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं.
हे थेंब तरंगले, पसरले,
मोरपंखी होऊन बसून राहिले.

"ट्रॅक्टरचं हाय. कुनी टाकलं हो?"

दसऱ्याच्या आधी, शेडमध्ये, चिठ्ठी निघालेली एक बाटली.
तेल ते तेल, असं समजून
अर्धी वाटी ओतली होती मी.
हेमलता तेव्हा तारेवर कपडे टाकत होती.
आता ती स्टुलावर बसून
सीताफळाच्या बिया तळहातावर मोजत होती.
तिनं वर बघितलं नाही.

"काय की," मी म्हणालो.

मिस्त्रीनं ग्लास गटारीत उपडा केला.
"एका जागचं बदलून भागत नसतंय.
जिथं रबर, तिथं पोचलं आसंल हे."
सगळं रबर उतरवलं. नळ्या स्पिरिटनं धुतल्या.
सुटे भाग पुण्याहून यायला एकोणीस दिवस लागले.
त्या दिवसांत मी दोनदा गॅरेजवर जाऊन आलो,
थंडीबिंडीचं बोलून परत.

विसाव्या दिवशी तो गाडीखाली, मी सीटवर.
हवा काढायची होती.
ह्या कामाला दोन माणसं लागतात,
एकमेकांना न दिसणारी.
"दाबा."
दाबलं.
"धरा."
खाली पान्ह्याची खुडखुड, बाटलीत बुडबुडे.
"सोडा आता."
मागचं डावं झालं. मागचं उजवं.
पुढच्या डाव्याला, त्याच्या "धरा"नंतर,
गुडघा ताठ ठेवून मी म्हणालो,
"मिस्त्री, ते तेल मीच टाकलं होतं."

बुडबुडे अजून थांबले नव्हते.
"ठावं हाय, सर," खालून आवाज आला.
"पाय उचलू नका. हवा आत जाईल."